दुसरा निरोप्या

आमच्या बिल्डिंगमध्ये सुमनताई एकट्याच अशा होत्या, ज्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. लातूरकडच्या खेड्यातून त्या नवऱ्यामागं संत तुकाराम नगरात आल्या. नवरा लवकर गेला. पिंपरी कँपातल्या दुकानदारांच्या साड्या घरी आणून फॉल-पिको करत त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला. नळाला पाणी आलं नाही की नगरसेवकाच्या दारात रिकामा हंडा आदळायला पहिल्या त्याच. मी आकुर्डीच्या कंपनीतून रिटायर झालेला, युनियनमध्ये आयुष्यभर भांडलेला माणूस. तरी त्यांच्याशी वाद घालताना जरा जपूनच असायचो. त्या वरच्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. मला त्या रंगरावभाऊ म्हणायच्या.

मुलाचं नाव ज्योतीराम. तिशी ओलांडलेला, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर. घरी बायको दीपमाला आणि शाळेत जाणारी मुलगी. स्वभावानं इतका गरीब, की कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी कुणी आलं की आपणच उठून आत सरकायचा. असल्या माणसाची बातमी होईल असं कुणाला वाटेल?

वैशाखातल्या एका सकाळी तो झाडाखाली बसची वाट बघत उभा होता आणि कावळ्यानं त्याच्या टाळूवर चोच मारली. त्या दिवसांत कावळी अंड्यांवर असते, ती कुणाच्याही टाळूवर उतरते. महापालिकेच्या साहेबाचीही गय करणार नाही. पण सुमनताईंच्या गावाकडं डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरण जवळ आलं असं धरतात. त्यावर तोडही आहे. नातेवाइकांना निरोप धाडायचा, की अमका गेला. ते खरे रडले, की मरण फसतं. त्याला वाटतं आपलं काम झालं, आणि ते दारातूनच माघारी जातं.

ही रीत आमच्या मावळातही होती, पण तिच्यातली मेख मला सुमनताईंनीच सांगितली. पूर्वी अशा वेळी दोन माणसं निघायची. पहिला घरात शिरून सांगायचा, गेला. दुसरा वेशीवरच्या पारावर बसून राहायचा. रडारड ऐकू आली की तो उठून त्याच घरात जायचा आणि सांगायचा, रडू नका, माणूस जिवंत आहे, कावळा शिवला होता. मग घरच्यांच्या शिव्या खायच्या, गूळ वाटायचा आणि पुढच्या घरी जायचं.

"जितक्या घरात पहिला गेला, तितक्या घरात दुसरा गेलाच पायजे, भाऊ," त्या म्हणाल्या होत्या. "एक बी घर राहिलं, तर तिथलं रडं खरं व्हतंय."

आता निरोपे कोण धाडतं? दीपमालानं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कसा गेला, असं लोक विचारणार, म्हणून सुमनताईंनी 'चाकणला कंपनीत मशीनमध्ये सापडला' असं लिहायला सांगितलं. फोटोशिवाय श्रद्धांजली खरी वाटत नाही, म्हणून दीपमालानं लग्नातला फेटा बांधलेला फोटो लावला. ज्योतीराम त्या वेळी शिफ्टवर होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावाकडं हंबरडे फुटले. तासाभरानं दुसरा निरोप गेला, की पोरगा जिवंत आहे. गावानं यथेच्छ शिव्या घातल्या, म्हाताऱ्यांनी हसून डोळे पुसले. सुमनताईंच्या हिशेबी रीत पुरी झाली आणि त्या निवांत साडीला फॉल लावायला बसल्या.

मधल्या तासाभरात भावकीतल्याच कुणीतरी पहिला निरोप 'तिसरी पाळी'ला पाठवला होता.

'तिसरी पाळी' म्हणजे शेखरचं मोबाइलवरचं चॅनेल. शेखर चाकणच्या जुन्या शेतकरी घरातला. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या बांधल्या, त्यातल्याच एका खोलीत निळा पडदा लावून हा बातम्या द्यायचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसा आजकाल ज्याच्या हाती मोबाइल तो पत्रकार, असं मी त्याच्याविषयी म्हणायचो. पण खोटं कशाला बोला, कंत्राटी पोराचा हात प्रेसमध्ये गेला आणि कंपनीनं गुपचूप दवाखाना बदलला, असल्या गोष्टी मोठी वर्तमानपत्रं छापत नव्हती. शेखर दाखवायचा. त्यामुळं कामगारांचा त्याच्यावर विश्वास होता, आणि तोच आमच्या मुळावर आला.

'चाकणमध्ये कामगाराचा चिरडून मृत्यू, कंपनी गप्प का?' अशी बातमी आणि खाली फेट्यातला ज्योतीराम. कंपनीनं कळवलं, असं काही घडलेलंच नाही. लोक म्हणाले, बघा, दाबलं प्रकरण. शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये शेजारच्या पोरानं हळहळत मोबाइल पुढं केला. "कोन बिचारा बघ, भावा," तो ज्योतीरामलाच म्हणाला. फेट्यामुळं त्यानं ओळखलं नव्हतं. ज्योतीरामनं मोबाइल त्याला परत दिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच मोबाइलसमोर उभं राहून सांगितलं, की मी ज्योतीराम, मी जिवंत आहे. त्याखाली लोकांनी लिहिलं, कंपनीनं बोलायला लावलंय. कुणी लिहिलं, हे एआय आहे, ओठ बघा. आठवड्याच्या आत चाकणच्या चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागला. त्यावर निवडणुकीला इच्छुक असलेल्या कुणा भाऊंचा फोटो ज्योतीरामच्या फोटोपेक्षा मोठा होता. पुढं त्याच भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स येऊन तो झाकेपर्यंत ज्योतीरामची बस रोज त्याच्या खालून जायची. तो मान खाली घालून बसायचा. कंपनीत पोरं त्याला 'भूत' म्हणायला लागली होती, आणि तो त्यावर हसायचाही.

सुमनताई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, मला म्हणाल्या, "चला," आणि आम्ही चाकणला शेखरच्या खोलीवर गेलो.

शेखर पोरगा वाईट नव्हता. आम्ही दिसताच उठून उभा राहिला. "मावशे, चूक झाली. मी तवाच काढून टाकलाय व्हिडिओ."

"काढलास. मग सांगितलंस का?"

"काय सांगायचं?"

"जे रडले त्यांला. माझं लेकरू जित्तं हाय म्हून."

शेखर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "बैल गेला आन् झोपा केला, याचा काय उपेग, राव? बाई इचारत्यात ते बराबर हाय. दुसरी बातमी दे."

"देतो की. पन जित्या मान्साची बातमी कोन बघतंय, काका?"

नियमानं तक्रार करायची म्हटलं, तर चॅनेलचा तक्रार अधिकारी हवा. तो कोण, असं विचारलं तेव्हा त्याच टेबलाच्या पलीकडं डबा खात बसलेल्या त्याच्या बायकोनं हात वर केला. मोनिका तिचं नाव. तिनं हात धुऊन आमची तक्रार ऐकून घेतली, नवऱ्याला आमच्यादेखत झापलं आणि दुसरी बातमी लावायला लावली. तिच्यानं झालं तेवढं तिनं केलं, हे मी मान्य करतो. पहिली बातमी लाखो लोकांनी पाहिली होती. दुसरी जेमतेम एका कंपनी-बसमध्ये मावतील एवढ्यांनी.

आता तुम्ही म्हणाल, वर कुणी आहे की नाही? मीही तेच म्हटलं होतं. पोलिसांत गेलो, तर साहेब सौजन्यानं वागला. चहा मागवला आणि म्हणाला, "काका, गुन्हा नोंदवायचा तर पहिला आरोपी ही माउलीच. अफवा कुणी सुरू केली?" चहा पिऊन आम्ही उठलो. वर्तमानपत्राची चूक असेल तर दिल्लीत परिषद आहे. ती समज देते, ताशेरे ओढते, दंड करत नाही, आणि शेखर वर्तमानपत्र नव्हे. टीव्ही असेल तर चॅनेलवाल्यांनी आपली आपणच नेमलेली समिती आहे, तीही सभासद असतील त्यांच्यापुरती. कुंपणच शेत खातं ते असं. मोबाइलवरच्या बातम्यांसाठी सरकारी नियम आहेत. ते सांगतात, आधी चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याकडं जा. म्हणजे पुन्हा मोनिका आणि तिचा डबा. बरं, शेखरनं तर केव्हाच काढलं होतं. राहिल्या त्या लोकांनी फिरवलेल्या नकला. कुणी बिहारमध्ये बसून गाणं लावलेलं, कुणी कुठं बसून ते कळतच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. एकदा जिन्यात मी ओरडलोच, की सरकारनं एकच दांडुका घ्यावा आणि ही सगळी दुकानं बंद करावीत. बोललो आणि माझंच मला कडू लागलं. आमच्या तरुणपणी इथल्या एका कंपनीत मोठा संप झाला होता. तेव्हा आमची बाजू छापणारं एकच साप्ताहिक होतं, आणि अफवा पसरवतं म्हणून बंद पाडलं ते नेमकं तेच. दांडुका ज्याच्या हातात असतो तो पहिला फटका कुणाला मारतो, हे मी पाहिलेलं आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. शेखर बंद झाला तर उद्या खरोखर कुणी मशीनमध्ये गेला, तर सांगणार कोण?

सुमनताई पायरीवर बसून माझं भाषण ऐकत होत्या. "मला कुनाला बंद करायचं न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला दुसरा निरोप्या पायजे. पहिला गेला तिथं जानारा."

हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांना ना भरपाई हवी होती, ना माफी. त्यांच्या लेखी कुठल्या कुठल्या मुलखात, कुठल्या कुठल्या घरात अनोळखी माणसं त्यांच्या मुलासाठी हळहळली होती, आणि तिथं कुणीच सांगायला गेलं नव्हतं. तितकी रडणी त्यांच्या पोराच्या डोक्यावर तशीच उभी होती. ती खरी व्हायच्या आत प्रत्येक घर गाठायचं होतं. आणि घर सापडत नव्हतं.

त्या मोबाइल शिकल्या. दीपमालाला विचारून विचारून त्यांनी बोलून मराठी टाइप करायला घेतलं, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणाऱ्या एकेकाला उत्तर द्यायला सुरुवात केली. 'मी त्याची आई. तो जिवंत आहे. रडू नका.' कुणी हात जोडल्याचं चित्र पाठवायचं. कुणी लिहायचं, आजी, धीर धरा. बहुतेकांना वाटलं, पोरगा गेल्यामुळं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग कंपनीनं तिला विकत घेतलं असंही एकानं लिहिलं. साड्या तशाच पडून राहिल्या, कँपातले दुकानदार दुसरीकडं गेले. मी म्हणालो, सुमनताई, कावळा पक्षी आहे हो. त्या म्हणाल्या, "व्हय." आणि पुन्हा मोबाइल तोंडाशी धरला.

चार-सहा महिन्यांनी व्हिडिओ परत यायचा. जुन्यावर कुणी नवी तारीख टाकायचं, की आजची दुःखद बातमी. पुन्हा गावाकडून फोन, पुन्हा चौकशा. नवीन कंत्राटदार आला तेव्हा त्याच्या माणसानं गेटवर ज्योतीरामचं नाव वाचून त्याला बाजूला उभं केलं, आणि 'हा तर गेला ना?' असं त्यालाच विचारलं. ज्योतीराम मला हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला कान पुढं करावा लागला. "काका, क्षणभर मलाबी आठवेना काय सांगायचं ते," तो म्हणाला.

त्याला बरेचदा रात्रपाळी असायची, मग तो दिवसा झोपायचा. एकदा दुपारी मी वर गेलो. दार उघडं होतं. खिडकीला चादर लावून अंधार केलेला, तो पालथा झोपलेला, आणि सुमनताई त्याच्या नाकाशी तळहात धरून बसलेल्या. तळव्याला श्वास लागला की हात काढायच्या, थोडं थांबायच्या, पुन्हा धरायच्या. दीपमाला दारात उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "रोज असंच. ह्यांना जाग येते, पण हे डोळे उघडत नाहीत." मी आल्या पावली खाली उतरलो. त्या दिवसापासून माझंही काहीतरी बिघडलं. मी कावळ्याला पक्षी समजणारा माणूस, पण कंपनीची बस यायला उशीर झाला की माझं लक्ष पेपरात लागेना. बसमधून ज्योतीराम उतरताना दिसला की मी सुटकेचा श्वास टाकायचो आणि लगेच स्वतःवर चिडायचो.

यंदा तो व्हिडिओ आला तो बोलत आला. कुणीतरी त्या फेट्यातल्या फोटोला आवाज दिला होता. फोटोतले डोळे मिटायचे, उघडायचे, आणि ओठ हलायचे. 'आई, मी चाललो. माझ्यामागं रडत बसू नकोस. स्वतःला जप.' कुणी केलं, कशासाठी केलं, कुणास ठाऊक. अशा बोलत्या मेलेल्यांचं एक चॅनेलच आहे म्हणे. मी ॲपवर तक्रार केली. यंत्रानं आभार मानले. मोनिकानंही आपणहून करून पाहिली, तिलाही तेच उत्तर आलं.

तो व्हिडिओ सुमनताईंनी पाहिला तेव्हा मी तिथंच होतो. मोबाइल हिसकावून घ्यावा असं वाटलं, पण हात उचलला नाही. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग पदरानं काच पुसली आणि म्हणाल्या, "न्हाई रडत, बाळा."

"सुमनताई, ते खोटं आहे. ज्योतीराम आत झोपलाय," मी म्हणालो.

"मला म्हायती हाय, भाऊ. पन आईचं नाव घेऊन बोलायलाय. त्याला कसं न्हाई म्हनू? त्यो बी माझाच की."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गावाहून नणंद आली आणि सुमनताईंनी बारसं घातलं. त्यांच्याकडं तशीही रीत आहे. मेला म्हणून ज्याचं सगळं झालं, तो परत आला तर त्याला तसाच घरात घेत नाहीत. तो नव्यानं जन्मला असं धरतात. छताच्या हुकाला साडीची झोळी बांधली होती. एवढा बाप्या माणूस तिच्यात मावणार कसा, म्हणून झोळीत त्याचा एक पाय ठेवला. स्वतःच्या मुलीसमोर तो एका पायावर भिंतीला धरून उभा होता. मुलीला वाटलं खेळ आहे, ती टाळ्या पिटत होती. आत्यानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि आजोबांचं नाव ठेवलं, सोनबा.

मी संतापलो होतो. घुगऱ्यांची वाटी पुढं आली ती मी घेतली नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "सुमनताई, जित्या पोराचं नाव काढून घेताय तुमी. हे कुठलं आईपण?"

त्यांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. इतक्या शांत त्या दोन वर्षांत दिसल्या नव्हत्या. "ज्योतीराम गेला, भाऊ," त्या म्हणाल्या. "लई लोक रडले त्याला. किती जनांला न्हाई म्हनावं? ते नाव मी त्यांलाच देऊन टाकलं. आता माझ्या सोनबाला कोन हात लावतंय?"

दिल्लीपासून चाकणपर्यंत कुणाच्या हातात नव्हतं ते बाईनं आपल्यापुरतं मिटवलं होतं. त्या परत फॉल-पिकोला बसल्या. नळाला पाणी आलं नाही तेव्हा त्यांच्या हंड्याचा आवाजही मी ऐकला. दुपारी मुलाच्या नाकाशी तळहात धरणं थांबलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

एका संध्याकाळी ज्योतीराम रात्रपाळीला निघाला होता. डबा हातात होता. बस यायला वेळ होता, म्हणून माझ्या खुर्चीजवळ थांबला. डबा या हातातून त्या हातात घेत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, एक काम होतं."

"बोल ना."

"घरात आई सोनबा म्हनती. गाववालेबी तेच म्हनायलेत. दीपमाला कधी नावानं हाक मारत नव्हतीच. पोरगी पप्पा म्हनती. कंपनीत भूत, न्हाईतर टोकन नंबर." तो थोडं हसला. "माझं नाव आता फक्त त्या व्हिडिओत घेत्यात, काका. तुमी एकदा मारा की हाक. नुसती मारा, काम काही न्हाई."

तो चार पावलं गेटकडं चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला, हाक यायची आहे हे ठाऊक नसल्यासारखा. मी युनियनच्या गेटसभांमध्ये कमावलेला सगळा आवाज काढला.

"ज्योतीराम!"

तो वळला. तोंडावर एवढा आनंद, की लहानपणी क्रिकेट खेळताना दिसायचा तोच पोरगा वाटला. वर गॅलरीचं दार वाजलं. सुमनताई कठड्याशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी खाली माझ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं, आणि मला दोन्ही हात जोडले.

"भाऊ, पाया पडते," त्या म्हणाल्या. "गेलेल्याला अशी हाक मारू नये."

ज्योतीरामनं ओ द्यायला तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटलं, वर बघून आईला हात केला आणि बस आली तसा तिच्यात चढून गेला.